एका टोकाला दोरआळी

४ जानेवारी

बारक्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावर तुझ्या वर्तमानपत्राचा पत्ता घातलाय, कारण तुझ्या घराचा पत्ता मला माहीत नाही. सख्ख्या बहिणीला भावाचा पत्ता ठाऊक नाही आणि सगळ्या देशाला मात्र आमचा पत्ता तोंडपाठ. हा प्रताप तुझाच.

काल बाबांना डोळ्यांच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकलाय. खिडकीमागच्या बाईने नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता विचारला. मी म्हटलं, "दोरआळी." तिने पेन खाली ठेवलं आणि आम्हा दोघांना नखशिखांत न्याहाळलं. "दोरआळीवाले फुकटच्या दवाखान्यात कधीपासून यायला लागले?" मागच्या रांगेत फिसकन हशा पिकला. एक जण म्हणाला, "एवढंच राहिलं होतं. आता आपले डोळेसुद्धा काढून नेतील." बाबांना वाटलं, कुणीतरी ओळखीचं भेटलंय, म्हणून तेही हसले.

थट्टा असती तर मी सोडून दिली असती. पण त्या बाईच्या डोळ्यांत खरा राग होता, बारक्या. आयुष्यात पहिल्यांदा भेटलेल्या माणसाने नुसता पत्ता ऐकून आपला एवढा तिरस्कार करावा, हे माझ्या डोक्यात अजून शिरत नाही. माझ्या साडीला काथ्याची धूळ लागलेली होती, बाबांच्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला होता, तरी तिला दिसली ती दोरआळीच.

आपण लहान असताना रेडिओवर बातम्या लागायच्या, "दोरआळीत आज तेजी", "दोरआळीत चिंतेचं वातावरण". आई पोळपाट आपटत म्हणायची, "चिंता आहे खरी, रॉकेल संपलंय." आपण हसून हसून लोळायचो. तेव्हा ते हवामानासारखं होतं, कुणाला त्याचा राग नव्हता. दोरआळीला तोंड आणि पोट दिलंस ते तू. तुझ्या सदरात दोरआळी जेवते, ढेकर देते, मंत्र्यांच्या खांद्यावर हात टाकून फिरते, एखादी शाळा विकून खाते आणि दात कोरत बसते. मीसुद्धा वाचते. चांगलं लिहितोस. पण शेअरबाजाराच्या त्या सगळ्या थोर लोकांनी आळी सोडून नदीपलीकडच्या काचेच्या इमारतींत बस्तान हलवलं, त्याला जमाना झाला. मागे राहिली ती खांबांची जुनी कचेरी, तिच्या दारातला पहारेकरी, आम्ही आणि आमचं नाव. नाव मात्र ते बरोबर घेऊन गेले.

बाबा सांगायचे ते तुला आठवत असेल. नसेल तर पुन्हा सांगते, कारण सांगणारं तिसरं कुणी उरलेलं नाही. लांब दोर वळायला लांब, सरळ रस्ता लागतो. म्हणून आपल्या लोकांनी ही आळी सरळ ठेवली, एकाही घराची पायरी पुढे येऊ दिली नाही. धक्क्यावरचे जहाजवाले दोर न्यायला यायचे. दोर वळून व्हायला अख्खी सकाळ जायची, तोवर ते आपल्या पायऱ्यांवर बसून राहायचे. रिकामं मन सैतानाचं घर. एक म्हणायचा, माझं जहाज माल घेऊन परत येणार. दुसरा म्हणायचा, बुडणार. तिसरा म्हणायचा, अर्धी जोखीम मी घेतो, अर्धा नफा मला दे. आपले लोक त्यांना पाणी द्यायचे, बसायला पोतं द्यायचे. पोत्याचं बाकडं झालं, बाकड्यावर छप्पर आलं, छपराला खांब आले. भटाला दिली ओसरी! खांबवाल्यांनी हळूहळू दोरवाल्यांनाच बाहेर काढलं आणि जाताना नावही नेलं. लोक म्हणायला लागले, "दोरआळीला विचारा, दोरआळीचं काय म्हणणं आहे?" ते म्हणणं दोरवाल्यांचं कधीच नव्हतं.

आता कामाचं. आपल्याला जुन्या काळापासून सकाळचा हक्क आहे. दहा वाजेपर्यंत आळीत दोर ताणलेला असेल तर गाडीने थांबायचं. खांबांची कचेरी सांभाळणाऱ्या कंपनीने नगरपालिकेला अर्ज दिलाय की हा हक्क काढून टाका, आम्हाला सकाळी तिथे गाड्या लावायच्या आहेत. मार्चमध्ये सुनावणी आहे. एवढी लांब, सरळ जागा गावात दुसरीकडे नाही. हक्क गेला की आपलं दोर वळायचं चाक थांबलं. बाबांना आता वर्तमानपत्र दिसत नाही, रस्त्यातला खड्डा दिसत नाही, पण दोराचा पीळ दोन बोटांना कळतो, तेवढ्यावर ते उभे आहेत. सकाळचा दोर गेला तर ते कशाच्या बळावर राहतील, मला सांगता येत नाही.

तू एक सदर लिही. आमची बाजू घे, असंसुद्धा म्हणत नाही. दोरआळीत अजून दोर वळला जातो, एवढंच लिही.

तुझी,
ताई

ता. क. बाबांना हे पत्र लिहिल्याचं माहीत नाही. त्यांनी तुझं नाव काढलं नाही तरी दर आठवड्याला तुझं सदर माझ्याकडून वाचून घेतात, हे तुला माहीत असावं.


११ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं सदर वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं, कारण मला वाटलं, माझ्याच वाचण्यात काहीतरी चूक होतेय.

"तुम्हाला माहीत आहे का, दोरआळीला आजही रोज सकाळी अख्खा रस्ता स्वतःसाठी बंद ठेवण्याचा हक्क आहे? शाळेची बस थांबते, रुग्णवाहिका थांबते. दोरआळी थांबत नाही."

हे तुला कुठून कळलं? माझ्या पत्रातून. सकाळच्या हक्काचं या देशात कुणाला नावसुद्धा माहीत नव्हतं. मी तुझ्याकडे मदत मागितली आणि तू माझ्याच पत्रातलं अर्धं उचललंस. दोर गाळलास. चाक गाळलंस. बाबांना गाळलंस. घरचा आहेर म्हणतात तो हाच काय रे?

आणि रुग्णवाहिका? लहानपणी तू स्वतः पाहिलंयस. भोंगा ऐकू आला की बाबा चाक उलटं फिरवून दोर सैल करायचे आणि आपण दोघं तो धावत जाऊन जमिनीवर दाबून धरायचो. गाडी वरून जायची. दोर खराब व्हायचा, पुन्हा पहिल्यापासून वळावा लागायचा, तरी बाबांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. हे तुला ठाऊक असताना तुझा हात असं लिहायला कसा धजला? मी चार दिवस हाच विचार करतेय. मला धड राग येत नाही, धड रडू येत नाही. कुणीतरी कानाखाली वाजवावी आणि कान नुसताच वाजत राहावा, तसं झालंय.

अर्ज कंपनीचा होता तोवर प्रकरण छोटं होतं. आता गावभर भिंतींवर कागद लागलेत, "दोरआळी मोकळी करा." महिनाअखेरपर्यंत सह्यांची मोहीम, पुढच्या महिन्यात मोर्चा. कॉलेजची पोरं घरोघर फिरतायत. आपल्या दारीसुद्धा आली होती. मी विचारलं, "कुणाविरुद्ध सही करायची?" एक मुलगा म्हणाला, "दोरआळीविरुद्ध, काकू. त्यांनी तुमच्यासारख्यांचं रक्त शोषलंय." मी दारातल्या पाटीकडे बोट केलं. त्याने पाटी वाचली, हसला आणि म्हणाला, "हो ना, त्यांच्याच नाकासमोर सह्या घ्यायच्या म्हणून तर इथून सुरुवात केली." चांगला होता रे तो. पाणी मागितलं, मी दिलं.

आता बाबांचं ऐक. त्यांना मी तुझं सदर वाचून दाखवते तेव्हा जिथे टोचेल तिथे गाळते, ही माझी जुनी सवय. या वेळी मी एवढंच वाचलं, "दोरआळीला आजही रोज सकाळी अख्खा रस्ता स्वतःसाठी बंद ठेवण्याचा हक्क आहे," आणि थांबले. त्यांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! "पोराने शब्द टाकला आपल्यासाठी," म्हणाले. मग काठी घेऊन शेजारच्या कुलूपवाल्या वहिनींकडे गेले, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेले. सगळ्यांना सांगून आले की आमच्या बारक्याने हक्काचं छापून आणलंय. लोकांनी खरं वाचलेलं होतं. वहिनी पदराने डोळे पुसत आत निघून गेल्या. बाबांना दिसलं नाही.

तू गेलास त्या दिवशी मागे मागे चालत धरायचं ते दोराचं टोक टाकून म्हणाला होतास, "मी उलटं चालत जन्म काढणार नाही." बाबांनी ते मनाला लावून घेतलं, मी नाही. प्रत्येकाने दोरच वळावा, असं कुठे लिहिलंय? जा, मोठा हो, लिही. पण ज्यांच्यावर लिहितोस ते नदीपलीकडे बसलेत, त्यांना तुझ्या सदराने खरचटतसुद्धा नाही. लागतं ते इथे. एवढी साधी गोष्ट तुझ्यासारख्या हुशार माणसाला मी सांगावी लागते, याचंच मला नवल वाटतं.

अजून वेळ गेलेली नाही. पुढच्या सदरात उरलेलं अर्धं लिही.

ताई


७ मार्च

बारक्या,

बाबांना लागलंय. काळजी करण्यासारखं नाही. हाताला थोडं. दवाखान्यात ठेवलंय ते खबरदारी म्हणून.

मोर्च्याबद्दल तुझ्या कानावर येईल. फोटोही येतील. काही लिहिण्याआधी मला फोन कर. फोन हातातच आहे, उशाशी घेऊन बसलेय. माझं अक्षर असं का आलंय ते विचारू नकोस. आधी फोन कर.

ताई


१० मार्च

बारक्या,

फोन आला नाही. सदर मात्र आलं.

आधी खरं सांगते. "थोडं" लिहिलं ते खोटं होतं. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याच्या शेजारची. पीळ जोखायची.

मोर्चा अकराला निघणार होता. आम्ही म्हटलं, नेहमीसारखा दहाच्या आत दोर उरकून घेऊ. ओढबोटीचा जाड दोर होता, तीन पेड एकत्र वळायचे होते. बाबा चाकापाशी, डावा हात मुठीवर, उजव्याची दोन बोटं पेडावर. मी पार दुसऱ्या टोकाला, कमरेला पट्टा बांधून मागे रेललेली, तोंड बाबांकडे. दोर पूर्ण ताणात आलेला. अशा वेळी दोर सोडता येत नाही, हे तुला सांगायला नको. चाक उलटं फिरवत पीळ हळूहळू उतरवावा लागतो. आणि माझ्या पाठीमागून घोषणा ऐकू आल्या. पोरं लवकर निघाली होती.

मी ओरडले, "बाबा, सैल करा!" चाकाच्या घरघरीत त्यांना ऐकू गेलं नाही. मोर्चा माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकला. रस्त्यात ताणलेला दोर बघून पुढचे थबकले. कुणीतरी ओरडलं, "बघा, बघा! दोरआळीने रस्ता अडवलाय! दोर बांधलाय दोर!" कपाळाला हिरवी पट्टी बांधलेली एक पोरगी माझ्यापाशी आली. इतक्या मायेने म्हणाली, "मावशी, तुम्ही बाजूला व्हा. तुम्हाला कशाला उभं केलंय त्यांनी इथे?" मी म्हटलं, "अगं, मला कुणी उभं केलेलं नाही, हा दोर माझा आहे. थांबा, ताण उतरवू दे." तिने माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मला बांधून ठेवलंय. वळून ती मागच्यांना म्हणाली, "बाईमाणसाला बांधलंय यांनी! कापा आधी."

फलकांच्या दोऱ्या कापायला त्यांच्याकडे सुरी होती. त्या पोरांचा काय दोष? दोर ताणात असताना कापायचा नसतो, हे आपल्या आळीतल्या तान्ह्या पोरालाही कळायचं. त्यांना दोर म्हणजे फक्त अडवायला बांधतात, एवढंच माहीत.

मी पाठीवर पडले. मला टाळ्या ऐकू आल्या. खरंच टाळ्या वाजत होत्या, बारक्या, आणि शिट्ट्या. मी मान उचलून पाहिलं तर दोराचं दुसरं टोक पीळ सोडत, उसळत चाकाकडे गेलं होतं आणि बाबांच्या बोटांना वेढे घालून बसलं होतं. बाबा ओरडले नाहीत. सवयीने त्यांनी चाक आणखी दोनदा फिरवलं आणि मग मागे कोसळले. टाळ्या तेव्हाही चालू होत्या. लांब होते ना लोक, त्यांना दिसलं नाही.

त्याच हिरव्या पट्टीवाल्या पोरीने धावत येऊन फलकाचं कापड फाडून बाबांचा हात बांधला. विचारत होती, "आजोबा, तुम्ही कोण? तुम्ही इथे काय करत होतात?" बाबा म्हणाले, "मी दोरआळीतला, बाळ." ती बाबांच्या तोंडाकडे बघतच राहिली. मी तिचा चेहरा विसरू शकत नाही. दवाखान्यात रोज येते आता, कोपऱ्यात उभी राहते आणि निघून जाते.

आणि ऐक, खांबांच्या कचेरीच्या पायऱ्यांवर कंपनीची माणसं मोर्चेवाल्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत होती. दोरआळीचा धिक्कार असो म्हणून ज्यांचा घसा सुकला, त्यांना पाणी! मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता.

आज तुझं सदर. वर फोटो, त्याखाली तुझी ओळ: "एका टोकाला दोरआळी होती, दुसऱ्या टोकाला माणसं. दोर तुटला. माणसं उभी राहिली."

एका टोकाला बाबा होते, बारक्या. दुसऱ्या टोकाला मी होते. आम्ही दोघंही रस्त्यावर आडवे पडलो होतो. उभं कोण होतं?

फोटो छोटा छापलाय. बाबा त्यात पाठमोरे आहेत, पडता पडताचे. तू नीट पाहिला नसशील. घाईत असशील, रोजचे शंभर फोटो येत असतील. मी सकाळपासून स्वतःला हेच बजावतेय, कारण दुसरं काही मानायचं धाडस माझ्यात नाही.

२१ तारखेला सुनावणी आहे. बाबा म्हणतायत, हात गेला तरी मी तुला शिकवीन, पीळ तू जोख, मी चाक फिरवतो, पण रस्ता राहू दे. आता त्यांना बाकी काही नको. तू एकच वाक्य छाप, की जो पडला तो माझा बाप आहे आणि दोर वळणं हे त्याचं काम आहे. तुझं ऐकतात लोक. आमचं कुणी ऐकत नाही, कारण आम्ही कुठे राहतो ते सांगावं लागतं.

ताई


२२ मार्च

बारक्या,

काल संध्याकाळी फोनवर मला बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय. हे शेवटचं.

आधी सुनावणीचं. दालन गच्च भरलं होतं. तुझं वाक्य कापडावर रंगवून आणलं होतं लोकांनी. बाबांना मी हात धरून पुढे नेलं. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता, बँडेजचा हात छातीशी धरला होता. कारकुनाने नाव विचारलं, मग पत्ता. बाबा म्हणाले, "दोरआळी." मागून हुर्यो उडाली. बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिकडे, आणि विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, बोला तुम्ही."

बाबा म्हणाले, "आम्हाला दहापर्यंतच रस्ता लागतो. पुढे दिवसभर तुमचाच आहे." एवढंच पाठ करून आले होते ते.

अध्यक्ष भला माणूस वाटला. उठून बाबांपाशी आला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "आजोबा, तुमच्याविरुद्ध इथे कुणाचंच काही नाही. तुमच्या हाताचं ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं. पण हा प्रश्न दोरआळीचा आहे. दोरआळीला कुठेतरी चाप बसायलाच हवा." लोकांनी बाकं वाजवली. बाबांनीसुद्धा मान डोलावली, कारण त्यांना वाटलं, अध्यक्ष आपल्या बाजूने बोलतोय.

एकही विरोधी मत पडलं नाही. हक्क रद्द. लोक बाहेर एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोरआळीला कुणीतरी हरवलं म्हणून. एका म्हातारीने माझेसुद्धा हात हातात घेतले, "जिंकलो गं बाई," म्हणाली. आम्ही घरी पोचलो तेव्हा खांबांच्या कचेरीपासून आपल्या दारापर्यंत चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. बाबांच्या चाकासमोर कुणाची तरी काळी गाडी उभी होती. बाबा तिला धडकले. हाताने चाचपून म्हणाले, "कुणाची गं? सकाळी काढायला सांग."

मग तुझा फोन. इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि क्षणभर मी सगळं विसरले होते. मला वाटलं, तू म्हणशील, ताई, मी फोटो पाहिलाच नव्हता. मी त्याला "हो" म्हणायला तयार होते. खोटं असतं तरी चाललं असतं मला.

तू म्हणालास, "ताई, फोटो माझ्याकडे सगळ्यांच्या आधी आला होता. मोठा. बाबांना मी पाठीवरूनच ओळखलं." मग म्हणालास, "पण तोवर वाक्य लिहून झालं होतं. आणि ते इतकं जमलं होतं, ताई. मला खोडता येईना."

फोन माझ्या हातातच राहिला. तू हॅलो हॅलो करत होतास ते ऐकू येत होतं. अजूनही मला वाटतं, मी चुकीचं ऐकलं असेन. तू ओळखलंस. पडताना ओळखलंस. आणि जागेवरून उठला नाहीस.

बाबा पलंगावर जागे होते. म्हणाले, "बारक्या होता ना? काय म्हणाला?" आजवर मी त्यांच्यासाठी तुझं लिहिणं गाळत आले. काल मला गाळता आलं नाही. कुठून सुरू करून काय काय सांगितलं, मलाच नीट आठवत नाही. दवाखान्यातली बाई, माझं पत्र, अर्धं सदर, मोर्चा, फोटो, अध्यक्षाचं बोलणं, सगळं सांगितलं. सांगताना मी ओरडत होते, शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटत होतं, आता ते शिवी देतील. तुझ्या नावाने पाणी सोडतील. मी त्याचीच वाट बघत होते, खरं सांगते. एक शिवी दिली असती तर माझ्या जिवाला जरा थंडावा मिळाला असता.

ते म्हणाले, "कुठलं वाक्य?"

मी म्हटलं, "कशाला हवंय तुम्हाला?"

"वाच."

मी वर्तमानपत्र आणलं आणि वाचलं. एका टोकाला दोरआळी होती, दुसऱ्या टोकाला माणसं. दोर तुटला. माणसं उभी राहिली.

"पुन्हा वाच. सावकाश."

पुन्हा वाचलं. ते मान किंचित कलती करून ऐकत होते. ओठ हलत होते, शब्द एकेक करून तपासत असावेत. वहिनी मला खुणावत होत्या की पुरे आता, पण बाबांनी बँडेजचा हात वर करून आम्हाला दोघींना थांबवलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते स्वतःच म्हटलं, न चुकता.

मग म्हणाले, "जमलंय. कुठे ढिलं नाही."

आणि भिंतीकडे तोंड करून निजले. थोड्या वेळाने तसेच पाठमोरे म्हणाले, "त्याला कळव."

कळवलं.

ताई